राजांगणात कॅमेरा कुठे उभा राहील

गोव्याच्या फोंडा तालुक्यात कवळे, बांदोडे, मडकई, प्रियोळ ह्या बाजूला जुनी मोठी घरं अजून आहेत. चिऱ्याच्या जाड भिंती, आत शिरलं की राजांगण, म्हणजे घराच्या पोटातला उघडा चौक, मधोमध तुळस, चारी बाजूंनी खांब, आतल्या बाजूला उतरणारी कौलं आणि भोवतीने खोल्या. ज्यांनी अशा घरात कधी कॅमेरा लावलाय त्यांना माहीत असेल, कुठेही उभं राहा, फ्रेम चांगलीच दिसते. आणि अवघड होतं ते तिथेच, कारण सगळंच चांगलं दिसायला लागलं की ठरवायला वेळ लागतो, इथून घेऊ की तिथून, खांब फ्रेममध्ये ठेवू की काढू, आणि हा जो वेळ जातो तो आपला नसतो, तो त्या घरातल्या माणसांचा असतो.

आम्ही लहान फिल्म करतो, माहितीपट करतो, बजेट म्हणजे जेवणखाण, पेट्रोल आणि भाड्याच्या लेन्सा. घर मिळतं ते ओळखीवर आणि विश्वासावर. घरातल्या माई म्हणतात, या हो, करा शूटिंग, आणि मग दिवसभर त्यांच्या घरातून आमच्या वायरी जातात. कलाकार बहुतेक गावच्या नाटक मंडळातले, जत्रेला, कालोत्सवाला देवळाच्या मांडवात उभे राहणारे, काही जण कला अकादमीच्या स्पर्धेत काम केलेले. कोणी शाळेत शिकवतं, कोणी बँकेत आहे, कोणाचं दुकान आहे. रविवार मोडून येतात. ह्या सगळ्यांना उभं करून ठेवून मी तिथे जाऊन विचार करत बसायचं हे मला पटत नाही, आणि म्हणून मी विचार घरी बसून, कॉम्प्युटरवर, आधी करते. शॉट प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरचं कौतुक करताना लोक थ्रीडी किती खरं दिसतं, ग्राफिक्स किती भारी ते सांगतात, मला त्याचं विशेष काही नाही. माझ्यासाठी ते दुसऱ्यांचा वेळ वाचवायचं साधन आहे. बाकी सगळं त्याच्यानंतर.

सुरुवात टेपने होते, पाच मीटरची साधी टेप. खोलीची लांबी-रुंदी, दाराची चौकट, दोन खांबांमधलं अंतर, कौलांची आतली कड जमिनीपासून किती उंच, उंबरठा किती उंच, खिडकीचा कट्टा कुठे येतो, आणि फोनमधल्या होकायंत्राने उत्तर कुठे. आयफोनच्या प्रो मॉडेलमध्ये २०२० पासून लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर, येतो, खोलीभर फोन फिरवला की तिचं थ्रीडी मॉडेल तयार, आणि ते खरंच कामाचं आहे, विशेषतः राजांगणासारख्या खांब-पायऱ्यांच्या गुंतागुंतीच्या जागेत. पण मला टेपच आवडते, कारण टेपचं दुसरं टोक धरायला घरातलंच कोणीतरी येतं आणि मापं घेता घेता बोलणं होतं. ह्या खोलीत आजोबा दुपारी झोपतात. हा दरवाजा उघडताना करकरतो. ह्या बाजूच्या प्लगला जास्त लोड देऊ नका, वायरिंग जुनं आहे. ही माहिती कुठल्याही स्कॅनमध्ये येत नाही आणि शूटिंगच्या दिवशी सगळ्यात जास्त हीच लागते.

मग मी दोन गोष्टी करते. पहिली म्हणजे वरून दिसणारा नकाशा. शॉट डिझायनर नावाचं ॲप आहे, त्यात भिंती, दारं, फर्निचर मांडायचं, माणसं ठेवायची, त्यांच्या चालण्याच्या रेषा काढायच्या, कॅमेरे ठेवायचे, आणि मग प्ले केलं की माणसं आणि कॅमेरे ठरल्याप्रमाणे सरकतात. शॉट लिस्ट त्या कॅमेऱ्यांना जोडलेली असते. दिसायला अगदी साधं, गोल गोल माणसं. पण माझ्या कलाकारांना हाच नकाशा सगळ्यात लवकर कळतो, स्टोरीबोर्डच्या चित्रांपेक्षाही लवकर, आणि त्याचं कारण नाटक. ज्यांनी आयुष्यभर संहितेच्या कडेला हालचाली लिहून घेतल्यात, "इथून उजवीकडे, पलंगामागून पुढे", त्यांच्या डोक्यात रंगमंचाचा वरून दिसणारा नकाशा आधीच असतो. टॅबलेटवर दाखवलं की लगेच बोट ठेवून विचारतात, म्हणजे मी इथे थांबायचं आणि हा बोलून झाल्यावर वळायचं, बरोबर ना? त्यांना फक्त एवढंच नवीन असतं की प्रेक्षक आता एकाच बाजूला बसलेला नाहीये.

आणि ते नवीन खूप मोठं आहे. दोन माणसं बोलताहेत तर त्यांच्यामधून एक काल्पनिक रेषा जाते, कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूच्या अर्धवर्तुळात ठेवायचा, १८० अंशांचा नियम म्हणतात तो, नाहीतर एडिटमध्ये दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात आणि बघणाऱ्याचा गोंधळ होतो. मांडवातल्या रंगमंचावर ही रेषा कोणाला सांभाळावी लागत नाही, प्रेक्षक समोरच बसलेले असतात, ते काय उठून मागे जात नाहीत. राजांगणात मात्र चारी बाजू उघड्या. सासू एका सोप्यावरून बोलत बोलत तुळशीला वळसा घालून समोरच्या सोप्यावर जाते, सून तिच्या मागे मागे, आणि रेषा फिरत राहते. हे तिथे उभं राहून डोक्यात सांभाळणं फार अवघड आहे, चौघं जण चार बाजूंना हात करतात. वरून बघितलं की पाच मिनिटांत दिसतं की तिसऱ्या वाक्याला रेषा ओलांडली जातेय, आणि मग तिथे काय करायचं ते ठरवता येतं, चालतानाचाच एक शॉट ठेवू जो बघणाऱ्याला हाताला धरून पलीकडे नेईल, किंवा सुनेला उलट्या बाजूने वळवू.

दुसरी गोष्ट ब्लेंडर, थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर. हे फुकट आहे, २००२ साली लोकांनी वर्गणी काढून, एक लाख युरो जमवून त्याचा सोर्स कोड खुला करून घेतला, आणि तेव्हापासून ते सगळ्यांचं आहे. मला ह्या गोष्टीचं मनापासून कौतुक वाटतं, कारण आमच्यासारख्यांना महागडी सॉफ्टवेअर परवडत नाहीत आणि तरी इथे कॅमेऱ्याला खरी लेन्स देता येते, सेन्सरची रुंदी देता येते, आणि त्यातून जे दिसतं ते दुसऱ्या दिवशी खऱ्या कॅमेऱ्यातून जवळजवळ तसंच दिसतं. मॉडेल सुंदर करायची गरज नसते. भिंती म्हणजे चौकोन, खांब म्हणजे नळकांडी, बास. माप बरोबर पाहिजे.

मापांचं गणित तसं सोपं आहे. अंतर गुणिले सेन्सरची रुंदी भागिले लेन्सचे मिलिमीटर, म्हणजे तेवढ्या अंतरावर फ्रेममध्ये किती रुंदी मावते ते कळतं. ३६ मिलिमीटरच्या फुल फ्रेम सेन्सरवर २४ ची लेन्स लावून ३ मीटरवर उभं राहिलं तर साडेचार मीटर रुंद भाग दिसतो, ५० ची लावली तर जेमतेम सव्वादोन. आमचा नेहमीचा कॅमेरा लहान सेन्सरचा, साधारण साडेतेवीस मिलिमीटरचा, त्याच्यावर तीच २४ ची लेन्स ३ मीटरवरून तीन मीटरच दाखवते. आता माजघर जर चार मीटर लांब असेल तर आपण म्हणतो चार मीटर आहेत, पण चार नसतात, कारण ट्रायपॉडचे पाय पसरतात आणि त्याच्या मागे एक जिवंत माणूस उभा असतो, त्यात एक मीटर गेला. सॉफ्टवेअरमधला कॅमेरा बिंदूएवढा, तो भिंतीच्या आतसुद्धा आरामात उभा राहतो आणि तिथून मस्त फ्रेम दाखवतो. म्हणून मी प्रत्येक कॅमेऱ्याला मागून एक मीटरचा ठोकळा बांधून ठेवते. ठोकळा भिंतीत घुसला की तो शॉट त्या घरात होणार नाही, मग लेन्स बदला, नाहीतर दारातून घ्या. दारातून घेतलेले शॉट मला तसेही फार आवडतात, चौकटीमुळे, आणि माईंच्या माजघरात आमचं सामान कमी जातं म्हणूनही.

अशा सॉफ्टवेअरसाठी मिळणाऱ्या थ्रीडी पुतळ्यांच्या तयार लायब्ऱ्यांमधली माणसं बघितलीत का कधी? उभी असतात, खुर्चीवर असतात, सोफ्यावर असतात, गाडी चालवत असतात. मांडी घालून बसलेली आजी मिळत नाही, विळीवर एक पाय दुमडून बसलेली बाई मिळत नाही, पाटावर जेवणारा माणूस नाही, उंबरठ्यावर टेकलेली मुलगी नाही. ही फक्त गैरसोय असती तर मी ह्यावर बोलले नसते, पण ह्यातून कॅमेऱ्याची उंची ठरते. खुर्चीवरच्या माणसाचे डोळे जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास येतात, मांडी घातलेल्या आजीचे त्याच्या बरेच खाली, पाऊण मीटरला. तयार पुतळा खुर्चीवर बसवून प्लॅन केला की ट्रायपॉड आपोआप उंच राहतो आणि आजी वरून बघितली जाते, आणि संपूर्ण सीनभर आपण तिच्याकडे वरूनच बघतोय हे कोणाच्या लक्षातही येत नाही. तेव्हा मी पुतळ्यांचे सांधे एकेक वळवून आमची माणसं बनवलीत, मांडी घातलेली, उकिडवी, विळीवरची, वाकून केर काढणारी, आणि त्यांची उंचीही इथल्या माणसांसारखी केली, सगळेच सहा फुटी नकोत. ती फाईल मी ज्याला पाहिजे त्याला देते. ट्रायपॉड पण मी आता छोट्या पायांचाच आधी मागवते.

उन्हाबद्दल मात्र मला थोडं लांब बोलायचंय, कारण राजांगणात लाइट म्हणजे वरून येणारं आकाश, आणि आमच्याकडचे एलईडी पॅनल त्याच्यापुढे काहीच नाहीत. ब्लेंडरमध्ये सन पोझिशन नावाचं ॲडऑन आहे, त्यात अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ टाकली की सूर्य जिथे असायला पाहिजे तिथे येतो. गोवा साडेपंधरा अक्षांशावर. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून ५१ अंशांच्या आसपास, त्यामुळे दक्षिणेकडच्या कौलांची कड जर ३ मीटर उंच असेल तर तिची सावली राजांगणात सुमारे २.४ मीटर आत येते. म्हणजे पाच मीटरच्या राजांगणाचा निम्मा भाग दुपारी सावलीत आणि निम्मा कडक उन्हात, आणि तुळस नेमकी त्या सीमेवर. मेच्या सुरुवातीला हेच ऊन सरळ माथ्यावरून पडतं, सावली पायाखाली, आणि चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आहे आणि गोवा चौऱ्याहत्तरच्या आसपास, त्यामुळे बारा वाजता इथे मध्यान्ह नसतेच. डिसेंबरात ती साडेबाराच्या आसपास होते, फेब्रुवारीत पावणेएकला. अर्धा-पाऊण तास म्हणजे आमच्यासाठी दोन-तीन शॉट.

हे आधी कळलं की दिवसाची मांडणीच बदलते. सकाळी ऊन पश्चिमेकडच्या सोप्यावर आणि खांबांवर, तर तिकडे बघणारे सगळे शॉट सकाळी. दुपारी राजांगण सोडून द्यायचं आणि आतल्या खोल्यांत जायचं. साडेतीननंतर परत बाहेर, तेव्हा उलट्या दिशेला बघणारे. कथेचा क्रम काहीही असो, एका बाजूला बघणारे सगळे शॉट एकत्र आणि मग एकदाच सगळा पसारा फिरवायचा, ही सिनेमातली जुनीच पद्धत, पण कुठला शॉट कुठल्या बाजूला बघतोय हे कागदावर चाळीस शॉटमध्ये शोधण्यापेक्षा नकाशावर एका नजरेत दिसतं.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग. शॉट लिस्टमध्ये नेहमीचे कॉलम असतात, शॉटचा साइझ, लेन्स, मूव्हमेंट, कोण कोण फ्रेममध्ये, साउंड. मी त्यात एक कॉलम वाढवलाय, त्याचं नाव फक्त 'घर'. ह्या शॉटच्या वेळी घरातल्यांची कुठली वाट अडते, कुठली खोली बंद राहते, कोणाला गप्प बसावं लागतं, किती वेळ. मग लिस्ट त्या कॉलमवरून लावून बघायची. स्वयंपाकघर अडवणारे शॉट जर सकाळी नऊ, अकरा आणि दोन असे विखुरलेले असतील तर माईंचा सगळा दिवस गेला, पण तेच एकत्र आणून साडेनऊ ते अकरा केले तर आदल्या रात्री त्यांना फोन करून सांगता येतं की माई, अकरानंतर स्वयंपाकघर तुमचं. आजोबा दुपारी झोपतात ती खोली दोन ते चार आमच्या लिस्टमध्ये कुठेच येता कामा नये. कलाकारांचंही तसंच, ज्यांचं काम दुपारी आहे त्यांनी सकाळी सातला येऊन ओसरीवर बसून राहायची गरज नाही. हे करायला फार भारी सॉफ्टवेअर लागत नाही, साधी स्प्रेडशीट पुरते, पण वरचा सगळा नकाशा, उन्हाचा हिशोब, लेन्सचं गणित आधी झालेलं असेल तरच हा कॉलम खरा ठरतो, नाहीतर अकरा म्हणजे कधी एक वाजतो ते कळत नाही.

सॉफ्टवेअरला जे कळत नाही ते वेगळं लिहून ठेवावं लागतं. आवाज कळत नाही. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत वाड्यावरून जातो, देवळात आरतीला घंटा होते, फणसाच्या झाडावर कावळे कधी जमतात ते घरच्यांना माहीत असतं. पाणी पण कळत नाही. आम्हाला एकदा दिवाडीच्या फेरीधक्क्यावर सीन करायचा होता, मॉडेलमध्ये धक्क्याचा उतार आणि नदी अशी मांडली होती, पण नदी तर वरखाली होते, उधाणाला आपल्याकडे साधारण दोन मीटर. उतार किती दिसणार, फेरीबोट कुठल्या पातळीवर लागणार, माणूस चढताना दिसणार की उतरताना, सगळं त्यावर. त्यासाठी आम्ही पंचांग बघितलं, अष्टमीच्या आसपासची तारीख घेतली, भांगाची भरती असली की पाण्याची चढउतार कमी, आणि भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते ते धरून वेळ काढली. मग मॉडेलमध्ये पाण्याचा पत्रा त्या पातळीला सरकवला. ड्रोनचं अजून वेगळं, दाबोळीला नौदलाचा तळ, मोपाला २०२३ च्या जानेवारीपासून दुसरा विमानतळ सुरू, त्यामुळे डिजिटल स्काय ह्या ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशात हिरवा, पिवळा, लाल कुठे लागतो ते बघितल्याशिवाय वरून घ्यायचा शॉट लिहायचाच नाही.

आमच्या ओळखीचे एक ज्येष्ठ कॅमेरामन आहेत, त्यांना हे सगळं आवडत नाही. ते म्हणतात, तू सगळं आधीच बघून टाकलंस तर तिथे जाऊन काय बघणार? हा प्रश्न मी हलक्यात घेत नाही. प्लॅनवरचा शॉट मिळाला की टिकमार्क करायचा आणि पुढे जायचं असं वागणारे सेट मी बघितलेत आणि तिथे समोर काहीतरी सुंदर घडत असतं ते कोणाला दिसत नाही. पण माझा अनुभव उलटा आहे. गेल्या फिल्ममध्ये आजीचं काम करणाऱ्या बाईंनी रिहर्सलला झोपाळ्यावर बसायच्या ऐवजी खांबाला टेकून पायरीवर बसणं पसंत केलं, त्यांना तिथे ते वाक्य जास्त जवळचं वाटत होतं, आणि बघता क्षणी आम्हाला सगळ्यांना कळलं की हेच बरोबर. आता ह्यामुळे काय काय मोडतं? प्लॅन समोर होता म्हणून लगेच दिसलं की फक्त दोन शॉट बदलतात, त्यातला एक नकोच, आणि ऊन त्या पायरीवर अजून वीस मिनिटं आहे. वीस मिनिटांत तो शॉट झाला. प्लॅन नसता तर मी घाबरून त्यांना परत झोपाळ्यावर बसवलं असतं, इतकं माझं मला नक्की माहीत आहे. बदलायचं धाडस यायला काय बदलतोय ते माहीत लागतं.

माहितीपटात मात्र माणसं आपल्या हातात नसतात, नसावीतच. त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीजवळ विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत रात्री सजवलेल्या होड्या सोडतात, केवढी गर्दी असते, आणि तिथे कोणालाही परत एकदा करा म्हणून सांगता येत नाही. अशा वेळी शॉट ठरवायचे नाहीत, जागा ठरवायच्या. ऊन सहाच्या सुमारास जातं, त्याच वेळेला चंद्र पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो, पुढच्या तासाभरात तो झाडांच्या किती वर येईल ते ॲपमध्ये दिसतं, होड्यांवरचे दिवे पाण्यात कुठल्या बाजूने लांब दिसतील ते मॉडेलमध्ये अंदाजाने लावता येतं. ट्रायपॉड जिथे उभा करायचा तिथे मागच्या माणसांना दिसेनासं होतं का हेही मी बघते, ठोकळा इथेही लागतो, फक्त भिंतीऐवजी मागे बसलेली मुलंबाळं असतात. ह्या वर्षीचा नकाशा अजून अर्धा झालाय. दोन्ही कॅमेरे देवळाच्या काठाला ठेवायचे की एक समोरच्या काठावर न्यायचा, ह्यावर आमच्यात वाद चालू आहे, समोरून देऊळ आणि दिवे दोन्ही एका फ्रेममध्ये येतील पण तिकडे एकदा गेलेला माणूस गर्दी ओसरेपर्यंत परत येऊ शकत नाही, त्याच्या बॅटऱ्या, त्याचं जेवण, सगळं आधीच तिकडे पाठवावं लागेल. येत्या रविवारी टेप घेऊन दोन्ही काठांवर जायचंय.